बाजूची सीट

बग्गी कशी निवडायची ते मला विचारा. खरंच विचारा. माझं दहावीचं वर्ष आहे, आई म्हणते बीजगणितात डोकं घाल, पण दिवाळीपासून माझ्या डोक्यात बग्ग्याच होत्या. रुंदी पन्नास इंचांच्या आत हवी, कारण आमच्या वाटेला दोन्ही बाजूंनी दगडी गडगे आहेत आणि सगळ्यात अरुंद जागी मी स्वतः टेप धरून आले आहे. पोट जमिनीपासून चांगलं वीतभर वर हवं, नाहीतर नागलीच्या शेताजवळचा खडक खालून खरवडतो. चारही चाकं ओढणारी हवीत. उतारावर ब्रेकवर उभं न राहता गाडीने स्वतःला धरून ठेवायला हवं. हे सगळं मी पाहुण्यांना विचारून, मोबाइलवर बघून आणि पप्पांच्या तोंडून एकेक शब्द ओढून काढून शिकले. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणायलाही लाजायची. आता पुण्याच्या पाहुण्यांचे फोन मीच घेते, आणि त्यांनी इंग्रजी फाडलं तर मीही फाडते.

बोलायला मला आता काही म्हणजे काही जड जात नाही. एक गोष्ट सोडून. ती मी लंकाकाकूला पंधरा महिने सांगितली नव्हती.

आधी वाट सांगते. घोटीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमचं शेत आहे. भाताची खाचरं, आणि एका कडेला पाहुण्यांसाठी सहा तंबू. शेताच्या मागून एक वाट निघते ती थेट वर पठारापर्यंत जाते. वरून धरणाचं पाणी दिसतं. नाशिक-मुंबईचे लोक डोंगरात चालवायच्या बाइक घेऊन येतात त्या वाटेसाठी, आणि त्यांच्या पुढे आमची बग्गी असायची, वाट दाखवायला. बग्गी म्हणजे लग्नातली घोड्यांची नाही हं. छोटी उघडी गाडी, दोनच सीटा शेजारी शेजारी, वर लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि मागे सामानाला हौदा. स्टिअरिंग डाव्या हाताला, कारण गाडी मूळची परदेशातली.

धंदा पप्पांचा आणि चिमाजीकाकांचा, निम्मा निम्मा. खालची जमीन आमची, वाट काकांच्या जमिनीतली. दोघं एकाच वर्गात एकाच वर्षी नापास झाले आणि तिथून मैत्री झाली, असं काका पाहुण्यांना सांगायचे. पप्पा म्हणायचे, "मी पास झालो होतो. हा एकटा राहिला म्हणून मीपण बसलो." काका-काकूंना मूल नव्हतं, त्यामुळे माझे लाड दोन घरांत व्हायचे. आई रागावली की मी सरळ लंकाकाकूच्या चुलीपाशी.

वाटेत सहा कवाडं आहेत, बांबूची. गुरं खाचरांत शिरू नयेत म्हणून. आमच्याकडचा नियम असा की उघडलेलं कवाड मागे लावल्याशिवाय पुढे जायचं नाही, मग तुम्ही तहसीलदार असा नाहीतर पाहुणे. ते काम बाजूच्या सीटवरच्या माणसाचं. काका प्रत्येक कवाडाला उतरायचे, उघडायचे, शेवटची बाइक जाईपर्यंत धरून ठेवायचे, लावायचे, आणि पळत येऊन परत चढायचे. जाताना सहा वेळा, येताना सहा वेळा.

आणि ती जुनी बग्गी ओरडायची. बाजूच्या सीटचा पट्टा लागलेला नसला की टीं टीं टीं टीं, सीटवर माणूस असो नाहीतर नसो. खाली काकूच्या घरापर्यंत ऐकू यायचं. काका म्हणायचे, "ही बया माझ्या सासूपेक्षा जास्त ओरडते." त्यावर काकू आतून म्हणायची, "माझ्या आईचं नाव काढाल तर भाकर मिळायची नाय."

काकांचा वाढदिवस एक जून. म्हणजे शाळेत गुरुजींनी लिहून टाकलेला. खरा कुणालाच माहीत नव्हता. त्या वर्षी मी आईबरोबर नाशिकला शाळेचे बूट घ्यायला गेले होते. एका गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मला ती वस्तू दिसली. पत्र्याची छोटीशी जीभ, पट्ट्याच्या टोकाला असते ना, तशीच, फक्त मागे पट्टा नाही. ती खाचेत खुपसली की गाडीला वाटतं माणसाने पट्टा लावलाय, आणि ती गप्प बसते. मी माझ्या साठवलेल्या पैशांतून घेतली. चकचकीत कागदात गुंडाळून काकांना दिली.

श्रावणात, पाऊस उघडल्यावर, पप्पा आणि काका वर ताडपत्र्या आणायला गेले. पाहुणे नव्हते. चौथ्या कवाडापुढच्या वळणावर कडेची माती सुटली आणि बग्गी कलंडली. पप्पा पट्ट्यात लटकत राहिले, त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. काका सीटवर राहिले नाहीत. बग्गी त्यांच्यावर पडली.

पंचनाम्यात लिहिलं की बाजूच्या माणसाने पट्टा लावलेला नव्हता. गावाने ते वाक्य उचललं. पारावर, गिरणीत, दूध घालायला गेलेल्या रांगेत, सगळीकडे तेच. चिमाजी हट्टीच होता, कुणाचं ऐकायची सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी बग्गी ओढून खाली आणली तेव्हा मी हात घालून ती जीभ खाचेतून काढली आणि भाताच्या चिखलात टाचेने दाबली. मला कुणी बघितलं नाही. त्यानंतर गाव काकांना हट्टी म्हणायचं आणि मी तिथे उभी राहून ऐकायची.

पप्पांनी त्यानंतर गाडीला हात लावला नाही. बग्गीच काय, मोटारसायकललासुद्धा. तंबू चालू होते, वाट बंद होती. काकूने पहिलं कवाड तारेने बांधून टाकलं होतं. वर्षश्राद्ध झालं, दिवाळी झाली, आणि एके दिवशी तीच आमच्या ओट्यावर येऊन बसली.

"भावजी, बाइकवाल्यांचे फोन येत्यात म्हणं."

"येतात, वहिनी," पप्पा म्हणाले. "मी नाही म्हणतो."

"किती दिवस नाय म्हणणार? वाट गवतानं भरली. ह्यांनी सहा वर्षं कुदळ मारून केली ती. घ्या गाडी. पण मी येणार बघायला. मला पटली तर तार सोडीन. नाय पटली तर कवाड हाय तसं राहील, मग पुन्हा विषय काढायचा नाय."

पप्पांनी मान हलवली. आई चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ आली नाही.

मी त्या रात्रीच ठरवलं की काकूने गाडी निवडायच्या आधी तिला सांगायचं. ती येऊन काय बघणार होती? आपला माणूस हट्टी होता म्हणून गेला, असं धरून ती गाडी बघणार होती. ते माझ्यामुळे धरलेलं होतं. आणि सांगितल्यावर ती मला पुन्हा दारात उभी करेल का, हे मला माहीत नव्हतं. त्याचा विचार आला की माझं सगळं बोलणं आत जाऊन बसायचं.

रविवारी आम्ही तिघं एसटीने नाशिकला निघालो. काकू माझ्या शेजारी. घोटी सुटल्यावर मी मनात पहिलं वाक्य तयार केलं. काकू म्हणाली, "शेंगा खा." मी शेंगा खाल्ल्या. पुढे दुसरं वाक्य तयार केलं. काकू म्हणाली, "दहावीला किती विषय असत्यात गं?" मी विषय सांगितले. असं करत नाशिक आलं. रिक्षात तर पप्पा मध्ये बसले.

महेशशेठची जागा गंगापूर रोडच्या पार पुढे, जिथे बंगले संपून द्राक्षबागा सुरू होतात तिथे आहे. पत्र्याच्या मोठ्या शेडखाली रिसॉर्टवाल्यांनी विकलेल्या जुन्या गाड्या ओळीने उभ्या. महेशशेठ दोन्ही हातांत दोन मोबाइल घेऊन बाहेर आला.

"या, या. घोटीवाले ना? फोनवर बोलणाऱ्या मॅडम कुठायत?"

"मीच," मी म्हटलं.

त्याने मला वरून खाली बघितलं. "अरे बापरे! मला वाटलं चाळिशीच्या असतील. काय प्रश्न विचारता हो तुम्ही! मला मेकॅनिकला विचारून उत्तरं द्यावी लागली."

पप्पा हसले. फार दिवसांनी. मला एकदम भारी वाटलं.

आमच्या मापात बसणाऱ्या दोन बग्ग्या होत्या. एक लाल. नवी वाटावी अशी, मोठं इंजिन, समोर रंगीत पडदा, सीटा गुबगुबीत. मी आधीच फोटोत तिच्या प्रेमात पडले होते. दुसरी मातकट हिरवी, अठ्ठेचाळीस इंच, सीटचं रेक्झिन फाटलेलं, इंजिन लहान. पप्पा खाली वाकले, दोन्हीची पोटं बघितली, चाकं हलवून बघितली, झटके झेलणाऱ्या स्प्रिंगांवर हात दाबला. पण आत बसले नाहीत. महेशशेठ दोनदा म्हणाला, "बसा ना दादा, चक्कर मारा." पप्पांनी ऐकलंच नाही असं केलं.

काकूने पदर खोचला आणि लाल बग्गीच्या बाजूच्या सीटवर चढून बसली. नऊवारी सावरत, दोन्ही पाय जुळवून, पाहुण्यांच्या घरी खुर्चीवर बसावं तशी.

"इथं बसणाऱ्यानं धरायचं कशाला?" तिने विचारलं.

"हे काय ताई, समोर दांडा आहे."

तिने दांडा धरला. ओढून बघितला. "चालवणाऱ्याला चक्र हाय धरायला. त्याला वळण आधी दिसतं, तो आधीच आवळून बसतो. ह्याला कोण सांगणार?"

महेशशेठने बाजूच्या जाळीवर थाप मारली. तो म्हणाला, "बाजूला जाळी आहे ना. आणि पट्टा आहे."

"नाय लावला पट्टा तर?"

"काही नाही. पडद्यावर बारीकसा लाल दिवा लागतो. आवाज नाही, कटकट नाही." मग त्याने हिरवीकडे बोट दाखवलं. "कटकट त्या हिरवीची आहे. दोन्ही पट्टे लागल्याशिवाय पायी चालण्यापेक्षा जोरात जात नाही आणि वरून बोंब मारते. पण टेन्शन नका घेऊ. वायर काढून देतो पाच मिनिटांत. नाहीतर हे असतंच."

त्याने टेबलाचा खण उघडून मूठभर सामान काढलं आणि त्यातली एक वस्तू काकूच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"हे खाचेत घालायचं. गाडी गप्प. सगळेच घालतात."

काकूने ती पत्र्याची जीभ उलटी केली, सुलटी केली. तिने ती आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती. मला दिसत होतं की तिला काहीच कळलेलं नाही, ती आता ती परत देईल, महेशशेठ पुढचं बोलेल आणि संपेल. एसटीत तयार केलेल्या वाक्यांपैकी एकही आलं नाही.

"काकू, हे मी काकांना दिलं होतं."

"काय दिलं होतं?"

"हे. असंच. एक जूनला. वाढदिवसाला."

तिने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या वस्तूकडे. महेशशेठला काय समजलं कोण जाणे, तो "चहा सांगतो" म्हणाला आणि निघून गेला.

"मग पट्टा?" काकूने विचारलं.

"मग पट्टा लावताच येत नाही. त्याच्या जागेत हे बसतं."

"त्या दिवशी हे व्हतं?"

"हो."

"पण नंतर कुणाला दिसलं कसं नाय?"

"मी काढलं. गाडी खाली आणली तेव्हा. खाचरात टाकलं, चिखलात."

"कोणाच्या खाचरात?"

"तुझ्याच. विहिरीकडच्या."

काकू अजून सीटवरच बसली होती. वर पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. ती म्हणाली, "यंदा त्याच खाचरात भाताची आवणी केली मी. पाय पडला आसंल माझा."

सॉरी हा शब्द तोंडात होता पण तो इतका लहान होता की मला काढायची लाज वाटली.

"म्हंजे ते हट्टी नव्हते," काकू म्हणाली.

"नव्हते. त्यांनी माझं ऐकलं."

त्यावर तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच विचारलं, "दिलंस तवा काय म्हणाले?"

"म्हणाले, वा गं माझी वाघीण, आता सासूबाई गप."

तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती हे मला कळलं नाही, आणि बहुतेक तिलाही कळत नसावं. नवऱ्याचं एक नवं वाक्य तिला पंधरा महिन्यांनी मिळालं होतं, आणि ते असं.

पप्पा हिरव्या बग्गीला टेकून उभे होते. खाली बघत म्हणाले, "वहिनी, मी ते बघितलं होतं. रोज शेजारी बसायचो. मला वाटलं त्यानेच आणलं. मी म्हणायला पाहिजे होतं काढ म्हणून. नाही म्हटलं. मलाही ते ओरडणं नको झालं होतं."

शेजारच्या बागेत कुणीतरी पक्षी हाकलायला डबा बडवत होतं.

"जूनमधी आवाज बंद झाला," काकू म्हणाली. "मी चुलीपाशी व्हते. गाडी वर चालली आन आवाज नाय. मी म्हणलं, यंत्र बिघडलं आसंल. बरं वाटलं मला. कान निवले म्हणलं." ती खाली उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पंधरा महिने, मने. माझ्या ताटात जेवलीस."

"हो."

"गाव त्यांना काय काय म्हणलं. मी एका माणसाशी भांडले नाय. मला वाटलं, आसंल खरं. मी त्यांच्या फोटोशी भांडले. रोज. का नाय ऐकलं माणसाचं, म्हणून."

मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने हात उचललाही, पण तो तिने नुसता माझ्या दप्तराच्या पट्ट्याला लावला आणि लगेच काढून घेतला. मग ती वळली.

"ओ शेठ! ती हिरवी चालू करा."

महेशशेठ हातात चहाचे कप घेऊन पळत आला. "लाल नको? ताई, लालचा दम बघा एकदा—"

"तिला तोंड नाय. हिरवी चालू करा. पट्टे लावू नका."

त्याने चावी फिरवली. हिरवीने बोंब ठोकली. जुन्या बग्गीचा आवाज टीं टीं होता, हिचा तर कानात सुई घालावी असा. महेशशेठने तोंड वाकडं केलं. काकू शेडमधून बाहेर पडली, फाटकातून रस्त्यावर गेली, बागेच्या कडेकडेने चालत राहिली. लांबपर्यंत. तिची हिरवी साडी वेलींच्या मागे दिसेनाशी झाली. मग ती परत येताना दिसली.

"ऐकू येतंय," ती म्हणाली. "वारा उलटा हाय तरी येतंय. भावजी, तुमचं काय म्हणणं?"

पप्पा म्हणाले, "इंजिन लहान आहे. पण आपल्या वाटेला पुरेल. वजन कमी, उतारावर बरी."

"मने, तुझं?"

मला वाटलं नव्हतं ती मला विचारेल. मी म्हटलं, "अठ्ठेचाळीस इंच आहे. तिसऱ्या कवाडाजवळच्या गडग्यातून दोन्हीकडून तळहात जाईल एवढी जागा राहील." आवाज कापत होता, पण आकडे बरोबर होते.

"मग हीच. आन वायरीला हात लावायचा नाय, शेठ." तिने ती पत्र्याची जीभ टेबलावर ठेवली. "आन हे. कुणी पोरगी आली घ्यायला, तर इचारा तिला, कुणासाठी घेतीस."

येताना एसटीत काकू खिडकीशी बसली, शेजारी पप्पा, मी मागच्या बाकावर. घोटीला उतरल्यावर ती माझ्याजवळ आली.

"गाडी येईपर्यंत माझ्याकडं येऊ नको," ती म्हणाली. "मला तुझ्यावर ओरडायचंय आन मला अजून शब्द सापडंनात. समजलं?"

"समजलं."

"आन त्यांना कुणी हट्टी म्हणलं तर आता गप बसायचं नाय. ते तुझं काम."

आईला मी घरी आल्याबरोबर सांगितलं. आईने माझ्या ताटात वाढलेली पोळी परत डब्यात ठेवली, मग पुन्हा काढून वाढली.

माझं काम गुरुवारी आलं. मी गिरणीत दळण घेऊन उभी होते. पुंजाबाबा, आमच्या गावचे सगळ्यात म्हातारे, पोत्यावर बसले होते. म्हणाले, "तुझा बाप नवनाथ पुन्हा गाडी आणतोय म्हणं. चिमाजीसारखा आडमुठा कुणी बाजूला बसवू नको म्हणावं." दोन-तीन बाया हसल्या. मी म्हटलं, "बाबा, काका आडमुठे नव्हते. पट्टा लागू नये अशी वस्तू मी त्यांना दिली होती." गिरणीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. "काय दिलं?" त्यांनी कानाला हात लावला. मला दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं, आणि नेमका तेव्हा गिरणीवाल्याने पट्टा उतरवला, गिरणी थांबली, आणि माझं ओरडणं रस्त्यापर्यंत गेलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दळण घेतलं आणि घरी आले. रात्रीपर्यंत गावभर झालं होतं. शाळेत शुक्रवारी दोन मुली माझ्यापासून सरकून बसल्या. बसू देत.

रविवारी टेम्पोतून बग्गी आली. आईने नारळ आणला, चाकांखाली लिंबं ठेवली. काकूने घरून पक्कड आणून पहिल्या कवाडाची तार तोडली. गंजली होती, लवकर तुटेना. पप्पा मदतीला गेले तर म्हणाली, "राहू द्या, मीच बांधली व्हती."

मग ती बाजूच्या सीटवर चढली. "भावजी, या."

पप्पा डावीकडे उभे होते. त्यांनी पिंजऱ्याचा पाइप धरला होता, पाय मात्र आत टाकला नव्हता. मला वाटलं होतं बग्गी खाली कुणी चालवून दाखवेल, मग बघू. काकूने तसं काही ठरवलेलं नव्हतं.

"वहिनी, मला जमेल असं नाही वाटत."

"नाय जमलं तर उतरू दोघं, चालत येऊ. पाय हायेत. या."

पप्पा चढले. पट्टा लावला. दोनदा ओढून बघितला. काकूने आपला पट्टा लावायला घेतला, पण तिला ती खाच सापडेना. आईने पुढे होऊन दाखवलं. मी जागची हलले नाही. मला बोलावलं नव्हतं.

बग्गी सुरू झाली, गप्प होती. दोन हात पुढे गेली आणि थांबली. काकूने मान वळवली.

"मने! दूध चुलीवर ठिवलंय. ओट्यावर बस माझ्या, उतू जाईल. आन ऐक."

"काय ऐकू?"

"ऐक म्हणलं ना."

मी पळत तिच्या घरी गेले. दूध खरंच वर येत होतं. खाली उतरवलं आणि ओट्यावर येऊन बसले, आठ दिवसांनी पहिल्यांदा. आई माझ्यामागून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

पहिलं कवाड घरासमोरच. तिथला आवाज कानात बसला. मग दुसरं. बोंब सुरू झाली, काकू उतरली असणार, कवाड ओढलं असणार, बग्गी पलीकडे गेली, कवाड लावलं, ती चढली. बोंब थांबली. मी मनात मोजत होते, साधारण तीस आकडे. तिसऱ्या कवाडाला थोडे कमी लागले. सराव झाला असेल. इंजिनाचा आवाज झाडीत गेला, बाहेर आला, वर चढला.

चौथ्या कवाडाला बोंब सुरू झाली. त्याच्या पुढेच ते वळण.

तीस झाले. पन्नास झाले. आवाज लांबून येत होता, वाऱ्याबरोबर कमीजास्त होत होता, पण तुटत नव्हता. खालच्या खाचरात विळे घेऊन भात सोंगणारी माणसं ताठ उभी राहिली आणि डोंगराकडे बघायला लागली. शंभर झाले. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दीडशे. मला वाटलं पळत जावं, पण मला ऐक म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी बसून राहिले. दोनशेच्या पुढे माझं मोजणं चुकलं.

मग बोंब थांबली. एकदम. क्षणभर डोंगरावर काहीच नव्हतं. नंतर इंजिनाने जोर घेतला आणि आवाज हळूहळू वर सरकायला लागला. अजून दोन कवाडं होती.